पुळणीवरचा सौदा

भाव करताना मी कधी आधी तोंड उघडत नाही. तळेऱ्याच्या नाक्यावर एका टोपलीने सुरुवात केली, तेव्हापासूनची ही सवय. समोरच्याला बोलू द्यायचं, नाक मुरडायचं, उठून चार पावलं चालू लागायचं. ऊन माशाला लागतं, मला नाही. दुपारपर्यंत तो माझ्या भावात येतोच. याच जोरावर टेम्पो घेतला आणि आमच्या खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, गोव्याच्या हॉटेलांपर्यंत पोचवल्या. माझ्या तोंडाला लोक वचकून असत. असू देत.

तिसऱ्या मिळायच्या त्या खाडीच्या मुखावरच्या पुळणीत. सुकती लागली की वाळूचा तो लांबट उंचवटा पाण्यातून वर येई. गावातल्या बायका होडीने तिथे जात आणि वाकून वाळू उकरत. भरती आली की पुळण पुन्हा पाण्याखाली. त्यांच्या चुली त्या मधल्या वेळावर पेटत, आणि माझा धंदा त्यांच्यावर चाले.

खाडीत आतल्या अंगाला तेल शुद्ध करायचा कारखाना आला, तेव्हा महिन्याकाठी एखादं तेलाचं जहाज येई. पोरं बघायला धावत. मग टाक्या वाढल्या, जहाजं रोजची झाली आणि बघायला कोणी जाईना. जहाज गेलं की मागची लाट काठावर आपटे. जाळ्यांना काळं, चिकट काहीतरी लागू लागलं. मी प्रत्येक टोपली नाकाशी धरायला लागले. वास आला नाही तरी चैन पडत नसे. हात धुऊन पुन्हा हुंगत असे. एक टोपली तेलाच्या वासाने परत आली असती, तर पुढे मला दारात कोणी उभं केलं नसतं.

पण खरी भीती निराळीच निघाली. पुळण आडवी असल्यामुळे जहाजांना भरतीची वाट बघावी लागे. कारखान्याला आता कोणत्याही वेळी जहाज आत आणायचं होतं, म्हणून पुळण खणायचं ठरलं. गावच्या बैठकीत माझ्या थोरल्या दिरांनी पुढे होऊन होकार दिला. बायकांना कोणी बोलावलंसुद्धा नव्हतं. मी त्यांच्या घरात शिरून जाब विचारला. ते जेवत होते. मान वर न करता म्हणाले, "पुळण काय तुझ्या बापाशीची आसा?"

"तुमच्या बापाशीची तरी खंय आसा, भावजी? मगे तुमी दिल्यात कशी?"

ते ताटावरून उठले. आमच्या घरांची भिंत एकच. पण त्या दिवसापासून बोलणं बंद.

वाळू उपसणारा ड्रेजर आला त्या सकाळी आम्ही सगळ्या जणी पुळणीवर जाऊन उभ्या राहिलो. होडी कडेला नांगरून ठेवली. आम्ही उभ्या असताना यंत्र चालवणार नाहीत, एवढा हिशेब मी केला होता. कारखान्याचा साहेब लाँचमधून जवळ आला. तरणा होता, बोलायला गोड. मी तयारीत होते. तो ओरडेल, दम देईल, मग मी तोंडाचा पट्टा सोडीन. त्याने तसलं काही केलं नाही. लाँचच्या सावलीत बसला आणि चहा मागवला.

ते बघून मी ओळखलं. हा माणूस माझ्याचसारखा बसला होता. उन्हात मासा माझा होता.

पाणी घोट्याला लागलं, मग गुडघ्याला. बायकांची बडबड थांबली. साहेबाने एकदाच म्हटलं, "मावशी, भरती लागली." पाणी कमरेला आलं. माझ्या शेजारी गावातली एक म्हातारी उभी होती. आयुष्यातली पहिली टोपली मी तिच्याकडूनच उचलली होती. ती बुटकी, पाणी तिच्या छातीला पोचलं होतं. तिने माझा दंड घट्ट धरला.

"गो, माझे पाय टेकनत नाय."

होडीत चढणं म्हणजे पुळण सोडणं. मी साहेबाकडे बघितलं. तो माझ्याकडेच बघत होता. आणि मी आधी बोलले.

"गावाकडची अर्धी सोडा. पलीकडची खणा."

"ठीक आहे, मावशी."

एवढंच. हातातला कपसुद्धा खाली ठेवला नाही.

होडीत बायका ओले पदर पिळत हसायला लागल्या. म्हातारी म्हणाली, "अर्दी तरी वाचली गो." मी लाँचकडे बघत होते. इतक्या चटकन 'ठीक' म्हणणारा माणूस एकतर त्याहून जास्त द्यायला तयार असतो, नाहीतर दिलेली वस्तू टिकणार नाही हे त्याला माहीत असतं. यातलं कुठलं, हे मला पावसाळ्यानंतर कळलं. त्यांनी शब्द मोडला नाही, आमच्या अर्ध्याला हात लावला नाही. पण खणलेल्या खड्ड्यात आमच्या अर्ध्यातली वाळू आपोआप घसरत गेली.

आता सुकतीला मी धक्क्यावर जाऊन उभी राहते. पुळण वर यायला हल्ली उशीर लागतो, आणि येते तीही चिंचोळी. बायका कमी जातात. दिरांची सूनही जायची. तिने टोपली माळ्यावर टाकली. तेव्हापासून दीरही धक्क्यावर येतात, थोडं अंतर ठेवून उभे राहतात. आम्ही दोघं पाण्याकडे बघत असतो. एखाद्या वेळी ते घसा खाकरतात. मी वाट बघते. आधी मी बोलणार नाही.