दुसरं गिऱ्हाईक

मी एकदा ओसरीत बसून, मांडीवर सूप घेऊन, एका अनोळखी बाईला फोनवर लढाऊ विमान विकायला निघाले होते. आता आजी झालेय, कबूल करायला हरकत नाही. आयुष्यात मूर्खपणा पुष्कळ केला, पण त्यात हा पहिल्या नंबरचा.

तेव्हाची मी म्हणजे नुकतीच साठी ओलांडलेली, हातात नवा मोबाइल आलेली आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी खात्री असलेली बाई. आज ती भेटली, तर मी आधी तिच्या हातातला फोन काढून घेईन.

आमच्या ह्यांची गोंदियात तांदळाची दलाली. मिलमधून नमुना आणायचा, बाहेरगावच्या व्यापाऱ्याला दाखवायचा, सौदा जमवायचा. हे घरी नसले की फोन मी घ्यायची. लग्न झाल्याबरोबर मला एक धडा मिळाला होता : माल पडून आहे असं कधी म्हणायचं नाही. समोरचा कुरकुरला की सांगायचं, "दुसरं गिऱ्हाईक उभं आहे भाऊ, तुम्ही तुमचं बघा." उभं कोणी नसायचं. दारात फार तर मांजर असायचं. पण समोरचा लगेच नरमायचा.

आमची मुलगी दूरच्या शहरात विमानं बनवणाऱ्या कंपनीत होती, परदेशांना विमान विकण्याच्या कामावर. हे विमान आपण आणि आणखी एका देशाने मिळून तयार केलेलं. ती सांगायची, विमान उडवून दाखवणं सोपं आहे. सुटे भाग वर्षानुवर्षं मिळत राहतील, तुमच्या वैमानिकांना आम्ही शिकवू, हे पटवता पटवता जीव जातो. आणि भागीदार देशाचा लेखी होकार आल्याशिवाय तिसऱ्या कोणाला एक विमानही देता येत नाही. हे मला चटकन समजलं. चोरखमारा तलावाच्या पाण्यावरच्या आमच्या धानासाठी आम्ही आणि दिरांनी मिळून थ्रेशर घेतलं होतं. ते कोणाला द्यायचं तर जाऊबाईंचा होकार लागायचा, आणि जाऊबाईंचा होकार मिळेपर्यंत लोकांचं धान घरात जायचं.

त्या दिवाळीत मुलगी घरी आली होती. ओसरीत फिरत फिरत ऑफिसातल्या कोणाशी तरी बोलत होती, "त्यांचं ठरलंय. फक्त भागीदाराचा होकार बाकी आहे. तोवर ही गोष्ट बाहेर कुठे जाऊ देऊ नका." मी तिथेच तांदूळ निवडत होते. आईला यातलं काय कळणार, असं तिला वाटलं असावं.

पुढे काही आठवड्यांनी ती, ज्यांचं ठरलं होतं, त्याच देशात गेली आणि एका दुपारी मला फोन आला. गोड आवाज, साफ हिंदी. "आंटीजी, मैं दीदी के ऑफिस से बोल रही हूँ." घरच्यांची माहिती भरायची आहे म्हणाली. माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. मग हळूच म्हणाली, "दीदी इस बार बहुत परेशान हैं. सुना है वो लोग किसी और का सस्ता हवाई जहाज ले रहे हैं. बेचारी खाली हाथ लौटेंगी."

माझी पोरगी, आणि खाली हाताने? माझ्यातली दलालीण सुपासकट उठली. "अरे बेटा, उनका तो पक्का हो गया है," मी म्हटलं, आणि देशाचं नाव घेऊन मोकळी झाले. "सिर्फ पार्टनर की हाँ बाकी है." एवढ्यावर थांबेन तर ती मी कसली! "और दूसरा ग्राहक भी खड़ा है," म्हणून आणखी एक देश ठोकून दिला. सकाळी टीव्हीवर त्याचं नाव ऐकलं होतं, एवढाच त्याचा आणि माझा संबंध.

मग फोन कट. "अच्छा आंटीजी" नाही, काही नाही. सौदा मोडला तरी माणूस "ठीक आहे" म्हणतो. नंबर परत लावला, तर बंद. पुन्हा लावला, बंद. मग आठवलं, त्या बाईने कंपनीचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. आणि माझ्या मुलीचंही नाही.

हे घरी आले तेव्हा मी मोबाइल तांदळाच्या कोठीत खोल खुपसत होते.

"का करून राहिली वो? तांदूळ फोनवर बोलते का आता?"

मी सगळं सांगितलं. ह्यांनी चपला काढल्या होत्या, त्या परत घातल्या, परत काढल्या.

"कोनाले सांगू नको," शेवटी म्हणाले. "एक फोन आला, गेला. कोनाले मालूम पडते?"

"अजी, उद्या दुसरीकडून समजलं तर पोरीचीच मान धरतील नं? तिला समजनारही नाही, काऊन धरलं."

दोन दिवस तिचा फोन लागला नाही. अशा दौऱ्यांत त्यांना फोन जमा करून ठेवावे लागत. दारासमोर ऑटो हळू झाला की मी खिडकीआडून बघायची. पोळी तव्यावर करपायची आणि मला दिसायचा तो परक्या देशातला विमानतळ, आणि माझी पोरगी दोन माणसांच्या मधून चालत जाताना. तिला घाम आला की ती ओठ चावते, ते ओठ चावणंसुद्धा दिसायचं. देवासमोर बसले तर काय मागावं तेच सुचेना. बोललेलं परत घशात ढकल, असं कसं मागणार?

तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. ह्यांनी मान हलवून नको नको केलं. मी सांगितलं.

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "शब्द न् शब्द सांग." लिहून घेत होती. "मला हे वर कळवावं लागेल."

"नोकरी जाईल का गं?"

"माहीत नाही. विचारायला माणसं येतील. माझी बाजू सावरायची नाही, आई. आणि एकही गिऱ्हाईक उभं करू नकोस."

दोघं जण आले. साधे कपडे, साधी गाडी. चहाला हात लावला नाही. त्यावर साय धरली. दोघांतल्या मोठ्याने विचारलं, "पार्टनरचा होकार बाकी आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

उत्तर जिभेवर तयार होतं. पेपरात वाचलं, म्हणायचं. अंदाजाने बोलले, म्हणायचं. चाळीस वर्षं याच कामात घासलेली जीभ ती. आणि खरं सांगावं, तर सापडते ओसरीत बोलणारी माझीच मुलगी. ह्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मुलगी इथे फोनवर बोलत होती," मी म्हटलं. "मी ऐकलं."

त्यांनी लिहिलं. "आणि दुसरा ग्राहक?"

"तो मी बनवला."

धाकट्याने मान खाली घातली. मोठा हसला नाही. "तुम्ही बनवलेल्या त्या ग्राहकाशी पार्टनरचं भांडण आहे. ही गोष्ट त्यांच्या कानावर गेली, तर ते होकारच देणार नाहीत. समजतं का तुम्हाला?"

समजलं. जाऊबाई डोळ्यांसमोर उभ्याच राहिल्या.

ते गेले, आणि महिनाभर काही कळलं नाही. मुलीचे फोन यायचे. जेवलात का, औषध घेतलं का, की बंद. मी विचारायला धजत नव्हते. फोन वाजला की हे उठून अंगणात जायचे.

मग एका सकाळी ती म्हणाली, "नोकरी राहिली, आई. विकायच्या कामावरून काढलं, सुट्या भागांच्या याद्या तपासायला बसवलंय. आता सांग, आज भाजी कोणती केलीस? यापुढे आपण एवढंच बोलणार आहोत."