श्यापूची म्हैस आणि कुंभारवाड्याचे रेडे

चीनला जायचं ठरलं ते लेकीसाठी. सुरभी फुचौ शहरात डॉक्टरकी शिकते, आणि "आई, एकदा तरी ये" हे पालुपद चार वर्षं चालू होतं. पण निघायच्या आदल्या आठवड्यात माहेरी, कुंभारवाड्याला, जाऊन आले आणि डोक्यात वेगळंच ओझं घेऊन परतले. धाकट्या भावाने, मंजूने, पॉवर टिलर घेतला होता. वडिलांच्या, अप्पांच्या, रेड्यांच्या जोडीला आता काम उरलं नव्हतं.

"अक्का, रेडे न्यायला व्यापारी मे म्हैन्यात येनार हाय," मंजू म्हणाला. "नुसतं बांधून घालायचं म्हंजे वैरन कोन आननार?"

अप्पा गोठ्यात होते. ऐकू येत होतं, पण बाहेर आले नाहीत. मी रामनगरच्या पक्क्या घरात राहते; शेण काढणाऱ्या भावाला काय शिकवायचं?

बेंगळुरूहून क्वालालंपूर आणि तिथून फुचौ असा प्रवास केला. जाणाऱ्यांसाठी दोन सूचना. आपलं व्हॉट्सॅप तिथल्या सिमवर चालत नाही. इथूनच रोमिंग घ्या, मी घेतलं नाही. आणि रोख नोटा बघून दुकानदार गोंधळतात. मोबाइलवरून पैसे द्यायची सोय आधी करून ठेवा.

सुरभीला सुट्टी होती, म्हणून आम्ही श्यापूला गेलो. फुचौच्या उत्तरेचा हा किनारी तालुका वेगवान रेल्वेने तासा-दीड तासात येतो. बोगद्यामागून बोगदे, मध्ये हिरवा डोंगर, परत बोगदा. कॅसलरॉकच्या घाटातून गाडी उतरते त्याचीच आठवण, फक्त इथे बाहेर बघून होईपर्यंत डोंगर संपतो.

डोंगर थेट समुद्रात उतरतात. ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की मैलभर चिखल चमकत राहतो आणि त्यात बांबूंचं रान उभं दिसतं. त्या बांबूंवर समुद्री शेवाळ पिकवतात. आपण भातखाचरं बघतो तशी इथे प्रत्येकाची पाण्यातली खाचरं! एप्रिलमध्ये जाड, लांब पानांच्या शेवाळाची काढणी चालली होती. किनाऱ्यावर दोऱ्यांना ओल्या साड्या टांगाव्यात तशी ती पानं वाळत होती. वास थेट कारवारच्या सुक्या मासळीचा. दोनशे युआनच्या आत स्वच्छ खोली मिळाली, आणि मालकीणबाईंनी शेवाळाचं सार आणि कालवांचं आम्लेट वाढलं. साराला मीठ बेताचं होतं. आम्लेट मात्र मी दोनदा मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी कोळ्यांच्या गावात समुद्रदेवीच्या देवळात गेलो. पूर्वी इथली कितीतरी कुटुंबं होडीतच जन्मायची, होडीतच म्हातारी व्हायची. सरकारने घरं दिल्यावर ती जमिनीवर आली. वरच्या डोंगरात शे नावाचे लोक राहतात, चहा लावतात. आणि हजार-बाराशे वर्षांपूर्वी एक जपानी भिक्खू वादळात भरकटून याच किनाऱ्याला लागला होता म्हणे. एवढ्याशा तालुक्यात एवढं सगळं, आणि मला मेलीला काहीच माहीत नव्हतं.

तिसऱ्या सकाळी सुरभीने मला वडांच्या राईत नेलं. झाडं आपल्याकडच्यासारखीच, पारंब्या सोडलेली. खाली कॅमेरेवाल्यांची रांग. कुणीतरी गवत पेटवून धूर केला, उन्हाच्या तिरिपा उमटल्या, आणि धुरातून एक म्हातारा आला. बांबूची टोपी, खांद्यावर नांगर, दोरीला म्हैस. क्लिक, क्लिक, क्लिक. कडेला पोचल्यावर तो वळला आणि पुन्हा तसाच आला. नांगरायला शेतच नव्हतं!

माझ्या मनात आलं, काय हे सोंग. एवढ्यात म्हशीने मान लांबवून बाजूच्या भाजीच्या वाफ्याकडे मोर्चा वळवला. मी विचार न करता पुढे झाले आणि अप्पा करतात तसा जिभेने टाळूवर टकटक आवाज काढून ओरडले, "हैर्र, हो हो!" म्हैस थबकली, वळली आणि सरळ माझ्याकडे चालत आली. रांगेतून एकच कल्ला. प्रत्येक फोटोत आता पंजाबी ड्रेस घातलेली एक बाई होती.

"आई!" सुरभीने कपाळावर हात मारला.

म्हातारा मात्र पोट धरून हसत होता. त्याचं नाव लिन. धूर विरल्यावर त्याने आम्हाला बसवून चहा दिला.

"विचारतायत, तुमच्याकडे म्हशी आहेत का?" सुरभी म्हणाली.

मी रेड्यांचं सांगितलं, टिलरचं सांगितलं, व्यापाऱ्याचंही. लिन मान हलवत राहिला.

"म्हणतात, त्यांचा मुलगाही हिला विकणार होता. मग हे कॅमेरेवाले पैसे देऊन फोटो काढायला यायला लागले. आता मुलगा आधी म्हशीला जेवायला घालतो, मग बापाला."

"त्यांना विचार, हे खोटं-खोटं चालणं लाजिरवाणं नाही वाटत?"

"हे मी विचारणार नाही, आई."

शेवटी तिने विचारलंच. लिनने टोपी काढून कंगवा फिरवला. "खरं नांगरायचो तेव्हा कुणी बघायचं नाही आणि गुडघे दुखायचे. आता सगळे बघतात. गुडघे दुखतातच."

मी त्याच्या चालण्याचा व्हिडिओ काढला. परतीच्या विमानात तो घरी दाखवावा की नाही, हाच घोळ. रेडे वाचतील खरे, पण म्हाताऱ्या बापाला पाहुण्यांसमोर नाचवायचं? आणि न दाखवून गप्प बसणं तरी कुठे भलं होतं?

दाखवला. कुंभारवाड्याच्या पडवीत, मंजूच्या फोनवर.

"नांगर मानसाच्या खांद्यावर? म्हस मोकळी?" अप्पा म्हणाले. "उलटंच हाय की सगळं."

मंजूचे डोळे मात्र चमकले. "अप्पा, गणेशगुडीला राफ्टिंगवाले पाव्हणे हायतच. तितनं हिकडं आनता येतील. तुमी निस्तं चालायचं."

"निस्तं न्हाई चालनार." अप्पा उठले. मला वाटलं, संपलं. "घराखालचं खाचर मला सोड. त्येची चिखलनी मी रेड्यांनीच करनार. बघायचं असंल त्येनं बांधावर हुबं ऱ्हावं. बाकी तुजा टिलर फिरव कुटं फिरवायचा त्यो."

"आनि पाव्हणे आलेच न्हाईत तर?"

"तर भात व्हतंय की."

पाहुणे येतील का, मला माहीत नाही. मंजू एका खाचराचं आणि दोन जनावरांच्या वैरणीचं गणित किती वर्षं जमवेल, तेही माहीत नाही. समुद्रातली शेती बघायला गेले आणि घरच्या शेतीत नाक खुपसून आले, हे बरं केलं की वाईट, याचा निकाल अजून माझ्याकडे नाही. श्यापूला जरूर जा, एवढं मात्र खात्रीने सांगते.

व्यापारी आला त्या दिवशी मी तिथेच होते. टेम्पो अंगणात लागला आणि मंजू माझ्याकडे बघू लागला. तेवढ्यात गोठ्यातून अप्पाच बाहेर आले, हात धोतराला पुसत.

"बस, च्या घे," ते व्यापाऱ्याला म्हणाले. "रेडे कामाला हायत."