ओरडलीस का?

बाप वारल्यावर आई मला घेऊन भिसेगावला तिच्या भावाकडे राहायला आली. मी नऊ वर्षांची होते. मामाला गावात मान होता. दुपारी मामी आणि आई शेतावर गेल्या की तो मला भाताच्या कोठीत हाक मारायचा. तिथे त्याने जे केलं ते इथे लिहिणार नाही. असलं ऐकायची चटक असलेले लोक मी पाहिलेत. दोन वर्षं चाललं. आईला सांगितलं तेव्हा तिने माझ्या तोंडावर हात दाबला. "गप ऱ्हा. दुसरीकडं जायचं कुठं आपण?"

तिचा नाइलाज होता म्हणून मी तिला माफ केलं असेल, असं लोक धरून चालतात. केलेलं नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्कराच्या कचेऱ्यांत बायका घेऊ लागले. थोडं इंग्रजी येत होतं, म्हणून पुण्याला टेलिफोनवर लागले. खाकी साडी, स्वतःची खाट, खोलीला आतून कडी. त्या कडीसाठी मी कुठल्याही सरकारची चाकरी केली असती.

मग एका दुपारी आमच्या कॅप्टनने मला फायलींच्या खोलीत बोलावलं, दार लावलं आणि बळजबरी केली. मी बावीस वर्षांची होते. तरी अंग लाकूड झालं, लहानपणी व्हायचं तसंच.

तिसऱ्या दिवशी आमच्या वरच्या अधिकारी बाईंकडे गेले. चांगल्या शिकलेल्या घरातल्या, आपल्याच लोकांतल्या.

"ओरडलीस का?"

"नाही."

"बाहेर आठ माणसं बसली होती. का नाही ओरडलीस?"

"आवाज फुटला नाही."

"मग मी काय लिहू?"

त्यांनी लिहिलं, माझी वर्तणूक ठीक नाही. महिन्याभरात मला घरी धाडलं. कॅप्टन खुर्चीवर तसाच राहिला.

भिसेगावला पोचले तेव्हा मामा ओटीवर दोन शेजाऱ्यांशी बोलत बसला होता. "आलीस का गं पलटण सोडून?" म्हणाला. त्याची आठ वर्षांची मुलगी मला पाणी घेऊन आली. बापाजवळून जाताना ती भिंतीला घासून गेली. मला दुसरा पुरावा नको होता.

"हिलापण कोठीत नेतोस का?" मी विचारलं. त्याला एकेरीत बोलायची ती पहिलीच वेळ.

शेजारी उठून वहाणा शोधू लागले. मामा म्हणाला, "पलटणीत जाऊन येडी झालीय ही."

मामी आतून आली. माझ्याकडे तिने बघितलंही नाही. मुलीसमोर खाली बसली. "सांग गं, खरं हाय?"

पोरीने जमिनीकडे बघतच होकाराची मान हलवली.

मामीने त्याच दिवशी मुलीला घेऊन कशेळ्याजवळचं माहेर गाठलं. परत आली नाही. आई मला म्हणाली, "माझ्या भावाचं घर मोडलंस." ती तिथेच राहिली, त्याला रांधून घालत. मी खालापूरला शाळेत मास्तरीण झाले. तिने दोनदा बोलावणं धाडलं. मी गेले नाही.