तुळजाबाईचा नारळ आणि भिवाजीची फटफटी

माले गावच्या भिवाजीनं लष्कराच्या लिलावातली जुनी फटफटी घेतली ती आईसाठी. त्याची आई तुळजाबाई दर भाऊबिजेला डोंगर ओलांडून मुठ्याला भावाकडं चालत जायची. गुडघे गेले आणि ते थांबलं. भात काढायच्या दिवसांत बैलगाडीला बैल कोण मोकळे सोडणार? म्हणून फटफटी. आणि ही भवानी वर्षभर पौडाच्या बाजाराला मजेत जायची, नेमकी भाऊबिजेला मरायची. एकदा नव्हे, ओळीनं दोन वर्षं. म्हातारी ओवाळणीचं ताट फडक्यात बांधून ओट्यावर बसायची आणि दिवस कलला की मुकाट गाठोडं सोडायची. मला ते बघवायचं नाही.

यंदाही तेच. सकाळपासून भिवाजी किकवर किक मारत होता. धक्के द्यायला शेजारी म्हणून मी होतोच. माझा जन्मच त्या कामासाठी झालेला. प्लग काढला, पुसला, इंजिनाला टेकवून पाहिला. ठिणगी नाही. नवा घातला, तरी नाही. बॅटरी तर पुण्याहून भरून आणलेली. भिवाजीनं टाकीवर बुक्की हाणली, हात दुखावून घेतला आणि शिव्या मला दिल्या.

"आरं, आठ दिसांनी आपसूक चालू हुतीया ही! मंग आजच काय धाड भरती हिला?"

"दिष्ट लागती," ओट्यावरून तुळजाबाई म्हणाली. "म्हनून तर काल पाडव्याला न्हाऊ घालून नारळ फोडला. दर साली फोडतीया."

"कुटं फोडला, काकी?" मी विचारलं.

"तिच्या कपाळावर. आनी कुटं?"

फटफटीचं कपाळ म्हणजे पुढचा दिवा. चावीचा स्विच त्याच दिव्याच्या खोक्यात, आणि सगळ्या वायरी तिथंच येऊन जोडलेल्या. भिवाजीनं काच काढली. वरचा पत्रा चेपून फट पडलेली, आत पाणी साचलेलं, तारांवर हिरवा थर. आंबूस वास आला. दोन वर्षं आम्ही इंजिन खोललं, मिस्त्र्यांचे पाय धरले, आणि रोग होता नारळपाण्याचा! आठ दिवसांच्या उन्हानं ते सुकायचं, की बाई पुन्हा ठणठणीत.

"आये, तूच मारतीस हिला!" भिवाजी कडाडला.

"द्येवाच्या पान्याला नावं ठिवू नगंस," म्हातारीनं तोंड फिरवलं.

त्यानं धोतराच्या सोग्यानं आतलं पाणी टिपलं, चाकूनं तारा खरवडल्या. एक तुटली ती पीळ घालून जोडली, वर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. एका किकेत गाडी धडधडली. म्हातारी फुरंगटलेलीच मागं बसली. गाठोडं मात्र छातीशी घट्ट.

पुढचं भिवाजीनं परत आल्यावर सांगितलं. मुठ्याला मामा, कुशाबा, अंगणातच उभा होता. बहिणीला बघून म्हातारा हरखला, लगबगीनं घरात गेला, नारळ घेऊन आला आणि थेट फटफटीकडं निघाला. भिवाजी ओरडणार, तेवढ्यात तुळजाबाई काठी टेकत मध्ये आडवी आली.

"दगडावर फोड, दादा," ती म्हणाली. "तिला सोसत न्हाई. दोन सालं मीच माज्या हातानं माजी वाट आडवली."