छतातले बाबा

आमच्या सिंगापुरातल्या यिशुनच्या फ्लॅटमध्ये माझे बाबा दोन वर्षं बाथरूमच्या छतात राहत होते. वारले ते साताऱ्याला. छतात आले ते आईमुळे.

त्या छताच्या पांढऱ्या फळ्यांवर, पोकळीत, एक जुना गीझर लोखंडी पट्ट्यांवर टांगलेला होता. फ्लॅट घेतला तेव्हापासूनचा, बहुधा त्याच्याही आधीचा. त्याचं बटण बाहेर, पॅसेजमध्ये. बटण दाबलं की सात-आठ मिनिटांनी वरून आवाज यायचा. ठक. मग जरा थांबून, ठक-ठक. टाकी तापते, फुगते, पट्टीवर सरकते. मी वीस वर्षं जहाजांच्या इंजिन रूममध्ये काढलेली. मी त्याकडे लक्षही दिलं नव्हतं.

बाबा गेल्यावर आईला इकडे आणलं. पहिल्याच सकाळी ती अर्ध्या आंघोळीतून, कशीबशी साडी गुंडाळून बाहेर आली आणि हळूच म्हणाली, "हे वर आहेत."

बाबांची आंघोळ झाली की ते तांब्या बादलीच्या काठावर वाजवायचे. एकदा, मग दोनदा. म्हणजे पंचा आण. जन्मभर त्या आवाजावर आई स्वयंपाकघरातून उठत आली होती.

"आई, लोखंड तापलं की वाजतं."

"वाजू दे की. पण ह्यांच्यासारखं का वाजतं?"

त्या दिवसापासून बाथरूमच्या दारावर रोज एक कोरडा पंचा टांगला जाऊ लागला. त्याला कुणी हात लावायचा नाही. संध्याकाळी आई तो काढायची तेव्हा तो दमट असायचा. सिंगापुरात सगळंच दमट असतं, असं मी स्वतःला समजावत असे.

आता माझा गुन्हा सांगतो. मला गोष्टी सांगायला आवडतं, आणि इतकी सुंदर गोष्ट मला आयुष्यात दुसरी मिळाली नव्हती. रविवारी दुपारी मराठी मित्रमंडळी जेवायला आली, की मी पाणी आणायच्या निमित्ताने पॅसेजमध्ये जाऊन गुपचूप गीझरचं बटण दाबायचो. परत येऊन गोष्ट सुरू. तांब्या, बादली, पंचा. बरोबर सात मिनिटं पुरवायची. शेवटी आवाज खाली आणायचा, "आणि मग आई म्हणाली..." आणि बोट वर करायचं.

ठक.

भर दुपारी, पडदे उघडे, खाली मुलं सायकली चालवतायत, आणि दिवाणखान्यात आठ माणसं श्रीखंडाचा चमचा धरून थिजलेली. ठक-ठक. अहाहा! आई मात्र एकदा मला म्हणाली, "लोकांसमोर त्यांना सारखं बोलवू नकोस. दमतात." बटणाबद्दल मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

श्रावणात नळ गळत होता म्हणून एक चिनी प्लंबर अंकल आले. छताची झडप उघडून त्यांनी आत टॉर्च मारला आणि मान हलवली. "धिस वन टू ओल्ड लाह. पट्ट्या गंजल्यात. चेंज करा."

मी माझा लांब स्क्रूड्रायव्हर आणला. त्याचं टोक यंत्राला आणि मूठ कानाला लावली की यंत्राच्या पोटातलं ऐकू येतं, हे जहाजावरचं आमचं जुनं तंत्र. टाकीला लावून ऐकलं. आतून एक लांब, सावकाश सुस्कारा आला. मी जाहीर केलं, "अजून एक वर्ष सहज!"

बायको चांगी बिझनेस पार्कमध्ये बँकेसाठी धोक्यांचे अंदाज बांधते. ती म्हणाली, "तू टाकी ऐकलीस. त्यांनी पट्टी पाहिली. आणि त्याच्या बरोबर खाली स्टूल ठेवून आई आंघोळ करतात."

"गणपती होऊ देत."

गणपती झाले. "आता पितृपक्ष लागला," मी म्हणालो. "पंधरा दिवस नवीन वस्तू घरात आणत नाहीत. आईला विचार."

"तू कधीपासून पितृपक्ष पाळायला लागलास रे? सरळ सांग ना, गोष्ट जाईल म्हणून बदलत नाहीस."

मी हसलो. खरं होतं.

बाबांच्या तिथीच्या दिवशी सकाळी आई आंघोळीला गेली आणि लगेच परत आली. कोरडीच. बाथरूमच्या बाहेर खुर्ची ओढून बसली.

"काय झालं? पाणी तापलं नाही?"

"तापलंय. हे बोलले नाहीत."

"आई, आज स्वयंपाक आहे. पारोशी करणार आहेस का?"

"नाही करणार. पण आत नाही जायची. एवढ्या दिवसांत हे एकदाही गप्प बसले नाहीत, आणि आज त्यांच्या तिथीला गप्प?"

मी बटण पाहिलं. लाल दिवा लागलेला होता. घड्याळ लावून उभा राहिलो. सात मिनिटं. दहा. पंधरा. बायकोही येऊन उभी राहिली. छतात गीझर तापत होता आणि जराही आवाज नव्हता. जहाजावर इंजिन अचानक गप्प झालं की झोपलेला माणूससुद्धा दचकून उठतो.

बटण बंद करून, मुख्य वीज तोडून, स्टूल बाजूला ओढून मी वर पाहिलं. छताची पांढरी फळी पोट आल्यासारखी खाली फुगली होती. शिडी भिंतीकडेच लावली आणि झडप उघडली. दोन्ही पट्ट्या तुटल्या होत्या. पाण्याने भरलेली ती तापलेली टाकी फळीवर टेकून पाण्याच्या दोन पाइपांना लटकली होती. वाजायला पट्टीच उरली नव्हती. खाली, जिथून मी स्टूल ओढलं होतं, तिथे फरशीवर त्याच्या चार पायांचे ओले ठसे होते.

पाण्याचा मुख्य नळ बंद केला आणि खाली येऊन जमिनीवरच बसलो. आईला सगळं सांगितलं. बटणाचंही. रविवारच्या सात मिनिटांचंही.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "दिवा दिसतो की लाल. आज नवीन आण. पितृपक्षाचं मी बघते."

दुपारी अंकल आले, टाकी रिकामी करून त्यांनी ती बाहेर उघड्या कॉरिडॉरमध्ये आडवी ठेवली आणि भिंतीवर एक छोटा, मुका हीटर बसवला. आईने आंघोळ केली, स्वयंपाक केला, पान वाढलं. मग पंचा घेऊन घराच्या दाराशी गेली. मी मागे.

टाकी तिथे पडली होती. नळ नाही, वीज नाही, पाणी नाही.

ठक.

मी म्हणालो, "ऊन लागलंय." पण ऊन अजून कठड्याच्या पलीकडेच होतं.

ठक-ठक.

आईने पंचाची घडी टाकीवर ठेवली. अंकल ढकलगाडी घेऊन परत आले, त्यांनी टाकी चढवली आणि लिफ्टकडे नेली. पंचा उचलावा की नाही म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच नाही म्हटलं. लिफ्टचं दार मिटेपर्यंत आई उभी होती.