टँकर आला तेव्हा आम्ही गात होतो

लातूर जिल्हा झाला त्याचा आनंद लातूरकरांना झाला असेल, त्याहून जास्त मला झाला. मी नांदेडला सरकारी कचेरीत कारकून आणि नवरा लातूर डेपोत एसटीचा कंडक्टर. लग्नाला दीड वर्ष होऊन गेलं होतं, पण आम्ही सणासुदीला भेटणारे पाहुणेच होतो. नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्या उघडायच्या, माणसं लागणार, अशी बातमी आली आणि मी त्याच दिवशी बदलीचा अर्ज टाकला. तीन महिन्यांत दोन ट्रंका, एक गॅसची शेगडी आणि माहेरची बाजाची पेटी घेऊन मी लातुरात दाखल झाले.

पहिल्याच रविवारी चर्चला गेलो. चर्च लहान, वर पत्रे, भिंतीला पांढरा चुना आणि सगळी मिळून साठ-सत्तर माणसं. उपासना संपल्यावर पाळकसाहेब ओळख करून घ्यायला आले. बोलता बोलता म्हणाले, "आमच्या गुरुजींचा गळा गेला. दोन महिने झाले, पेटीशिवायच गाऊन राहिलो आम्ही."

मी सहानुभूतीनं मान हलवली. नवऱ्यानं मात्र तिकीट फाडावं तितक्या सहज सांगून टाकलं, "हिला येती की पेटी."

मला येत होती ती रविवारच्या शाळेतल्या लेकरांपुरती. मोठ्या मंडळीला गाण्यात घेऊन जाणं म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं. पाळकसाहेबांना तेवढ्यानं भागणारं होतं. पुढच्या रविवारी मी पेटीमागं बसले होते.

पहिल्या बाकावर गुरुजी बसलेले. रिटायर झालेले हेडमास्तर, कडक इस्त्रीचं धोतर, काळा कोट, मांडीवर स्वतःचं गीतांचं पुस्तक, त्याला वर्तमानपत्राचं कव्हर. तीस वर्षं या चर्चमध्ये पेटी त्यांनीच वाजवली होती. मी सुरुवात केली ती थेट काळी पाचमध्ये, कारण माझ्या गळ्याला ती बरी पडते. ध्रुपद कसंबसं झालं. कडव्यात सूर वर चढला तसे पुरुष एकेक करून गळाले. मग बायका गळाल्या. तिसऱ्या कडव्याला मी आणि मागं रडणारं एक तान्हं लेकरू, असे दोघंच वरच्या पट्टीत उरलो. गुरुजींचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. मला वाटलं, बिचाऱ्यांचा गळा खरंच गेलाय.

घरी येऊन मी पेटी बंद करून कोपऱ्यात सारली. नवरा म्हणाला, "चांगलं झालं की!" तो गातो तेव्हा शेजारची म्हैस कान टवकारते, त्यामुळं त्याच्या मताला मी किंमत देत नसे.

खरं मत मिळालं ते घरमालकांकडून. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. लिंगायत माणूस, गंजगोलाईच्या बाजारात भांड्यांचं दुकान, कपाळाला भस्माचे पट्टे आणि सोमवारी मठातल्या भजनात तबला. मी आठवडाभर संध्याकाळी सराव करत होते. गुरुवारी ते आमच्या दारात येऊन उभे राहिले.

"बाई, चार दिस झाले, ऐकून राहिलो. एक विचारू का?"

"विचारा ना, आप्पा."

"तुम्ही गाता कुणासाठी?"

"देवासाठी," मी म्हणाले.

"देव ऐकंल हो कुठल्याही पट्टीत. पण संगं माणसं म्हणणार हायत ना? मग माणसं बघून पट्टी धरा. आन् ताल तर तुमचा पळूनच चाललाय, वळू सुटल्यावानी."

असं म्हणून ते घरातून तबला-डग्गा घेऊन आले आणि आमच्या ओट्यावर मांडी घालून बसले. काळी एकपासून एकेक पट्टी आम्ही तपासली. शेवटी पांढरी चारवर आलो. आप्पा हातोडीनं तबला ठोकून त्या सुरात आणत म्हणाले, "हां. इथं समदं गाव बसतंय."

दुसऱ्या रविवारी चर्चमध्ये तबला वाजवायला कुणी नव्हतं. तिसऱ्या रविवारी आप्पा आले. भस्म तसंच. एका काकांनी पाळकसाहेबांना बाजूला घेऊन काहीतरी कुजबुज केली. ती आप्पांच्या कानावर गेली. ते शांतपणे म्हणाले, "मी हातानं वाजवतो, कपाळानं न्हाई." पाळकसाहेब हसले आणि त्यांनी स्वतः सतरंजी पसरून दिली.

मग दिवस मजेचे सुरू झाले. शनिवारी संध्याकाळपासून मी गीतांचं पुस्तक हातातून सोडायची नाही. चाल विसरले तर? नको तिथं सूर चढला तर? एकदा पाळकसाहेबांनी जाहीर केलेलं गीत आणि मी उघडलेलं गीत वेगळंच निघालं. मी वाजवत होते एक, मंडळी म्हणत होती दुसरं, आणि आप्पा दोन्हीला बसेल असा ठेका धरून माझ्याकडं डोळे वटारून बघत होते. पण कधीतरी एखादा रविवार असा यायचा की दुसऱ्या कडव्यापर्यंत सगळे आवाज एकमेकांत मिसळून जायचे. माझा कुठला, शेजारणीचा कुठला, ओळखू यायचं नाही. अशा वेळी मी हळूच गाणं थांबवायची आणि नुसती पेटी वाजवत ऐकत बसायची. त्या सुखासाठी शनिवारची धास्ती मला चालत होती.

आणि मग पाऊस गेला. एक वर्ष कमी पडला, दुसऱ्या वर्षी आलाच नाही म्हटलं तरी चालेल. नळाला सहा-सात दिवसांनी पाणी, तेही करंगळीएवढं. कोरड्या हवेनं पेटीच्या भात्याला भेग पडली. मी तिला आतून कापडाची पट्टी चिकटवली. तबल्याच्या पुडीचं चामडं ताणून सूर चढायचा, आप्पा दर गीताआधी तो उतरवत बसायचे. चर्चच्या दारातला रांजण पालथा पडला. गल्लीत टँकर यायचा, पण कधी येईल ते टँकरवाल्यालाही माहीत नसायचं. हॉर्न वाजला की गल्ली पळायची.

चर्च आणि आमची गल्ली यांच्यामध्ये एक शाळा आणि एक भिंत, एवढंच अंतर. आणि आता रविवारी नवरा नेहमी ड्युटीवर. मुखेडच्या गाडीवर किंवा कंधारच्या. म्हणजे पाणी भरायला मीच.

त्या रविवारी पाळकसाहेबांनी पावसासाठी खास प्रार्थना ठेवली होती. चर्च भरलं होतं. प्रार्थनेआधीचं गीत सुरू झालं. चार कडव्यांचं गीत, आवाज छान लागले होते. दुसरं कडवं संपत आलं आणि भिंतीपलीकडून हॉर्न वाजला.

मागच्या बाकावरच्या दोघी उठल्या. मग चौघी. मग अख्खी रांग. पुरुष बायकांकडं बघायला लागले, मग तेही उठले. मी वाजवत राहिले, पण माझ्या डोळ्यासमोर स्वयंपाकघरातली रिकामी घागर आणि दोन पालथ्या बादल्या. आदल्या दिवशी आम्ही एका तांब्यात दोघांनी तोंडं धुतली होती. मी आप्पांकडं पाहिलं. आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. आमचा टँकर एकच.

"बाई," ते हळूच म्हणाले, "आता दोन मिंटांत रांग शाळंपर्यंत जाती."

मी तिसऱ्या कडव्याच्या मधे भाता सोडला. पेटी हुस्स करून गप्प झाली. पदर खोचला आणि पळाले. माझ्यामागं आप्पा, धोतर सावरत.

रांगेत अर्धं चर्च होतं. आम्ही एकमेकींकडं बघून हसलोही. देवाकडं पाणी मागायला बसलो आणि टँकर आला, मग जायचं नाही तर काय करायचं, असं एक मावशी म्हणाली आणि सगळ्यांना पटलं. मी घागर आणि दोन बादल्या भरून घरात ठेवल्या आणि ओल्या पदरानं परत चर्चकडं निघाले, तर दुरूनच पेटी ऐकू आली.

दारात थांबले. बाक रिकामे. पाच-सहा म्हातारी माणसं आणि पाळकसाहेब. पेटीमागं गुरुजी. ते चौथं कडवं म्हणत होते; आमची वाट बघून बघून उरलेलं गीत त्यांनी आत्ताच धरलं असावं. आवाज खोल, जरा खरखरीत, पण भरलेला आणि सुरात. गळा गेलेल्या माणसाचा तो आवाज नव्हता. चाल संथ होती, इतकी संथ की एका ओळीत मी दोन ओळी म्हटल्या असत्या. कडवं संपलं, त्यांनी ध्रुपद पूर्ण केलं, भाता लावला, पुस्तक उचललं आणि माझ्याकडं न बघता पहिल्या बाकावर जाऊन बसले.

उपासना झाल्यावर मी पाळकसाहेबांना गाठलं. "साहेब, गुरुजींचा गळा तर ठणठणीत आहे."

पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "लोकांची तक्रार होती. फार हळू म्हणतात, झोप येते, जवान पोरं येईनात. तीस वर्षं पेटी वाजवलेल्या माणसाला कसं सांगायचं? मी म्हणालो, गुरुजी, तुमच्या गळ्याला आता आराम द्या. ते समजले. दुसऱ्या रविवारपासून त्यांनी आवाजच काढला न्हाई."

दोन वर्षं मी त्यांच्या जागेवर बसले होते, आणि दर रविवारी त्यांच्यासमोर त्यांच्या गेलेल्या गळ्याची मनात कीव करत होते.

संध्याकाळी एक कळशी भरून घेतली आणि गुरुजींकडं गेले. ते एकटेच राहायचे, बायको वारलेली, लेक दिलेली भोकरला. दारात मला आणि कळशीला बघून म्हणाले, "पाणी कशाला? माझं भरलं शेजाऱ्यांनी."

"गुरुजी, सकाळी आम्ही उठून गेलो. चुकलं."

"पाण्याला गेलात ते चुकलं कसं? पाणी लागतंच," ते म्हणाले. "पण मुली, गाणं मध्येच टाकून गेलीस. आणखी दीड कडवं होतं. दीड कडव्यानं टँकर जात नसतो."

"रांग लांबली असती, गुरुजी."

"हाव, लांबली असती," त्यांनी कबूल केलं, आणि मग त्यांना हसू आलं. मलाही आलं. कळशी त्यांनी ठेवून घेतली.

मग मी मनातलं बोलून टाकलं. "मला खरं माहीत नव्हतं. मला सांगितलं की तुमचा गळा गेला. पुढच्या रविवारी तुम्ही वाजवा."

"लोक झोपतील."

"एकच गीत. पहिलं तुम्ही, बाकीची मी."

ते आत गेले आणि एक वही घेऊन आले. तिच्यात जुन्या चाली सा-रे-ग-मध्ये लिहिलेल्या, बारीक, सुबक अक्षरात. म्हणाले, "यातल्या अर्ध्या आता कुणाला येत न्हाईत. तू शिकणार असशील तर मी वाजवतो. अशी अट आहे."

मी शिकले. दर बुधवारी कचेरी सुटल्यावर तासभर. ते कडक होते. चुकलं की पेन्सिलीनं पेटीच्या फळीवर टकटक करायचे. पहिल्या रविवारी त्यांनी गीत काळी एकमध्ये धरलं, इतकं खाली की बायकांना सूरच सापडेना आणि पुरुष विहिरीतून बोलल्यासारखे घुमायला लागले. आप्पांना तबला एवढा उतरवता येईना, त्यांनी सरळ डग्गाच वाजवला. जवान पोरांच्या बाकावर खसखस पिकली. पण दुसऱ्या कडव्यापर्यंत काय झालं कुणास ठाऊक, हसणं थांबलं. संथ असल्यामुळं प्रत्येक शब्द ऐकू येत होता. झोपलं कुणी नाही. मी बघत होते, मुद्दाम मोजून बघत होते. गीत झाल्यावर मी पेटीमागं गेले तर गुरुजी उठता उठता म्हणाले, "पुढच्या वेळी जरा वर, पांढरी दोन धरू. बायका रुसल्या."

असं आमचं दीड वर्ष चाललं. त्यांचं एक, माझी तीन. मध्ये एकदा बरा पाऊस झाला, रांजण परत भरला. गुरुजींची नजर कमी झाली तशी लेक त्यांना भोकरला घेऊन जायला आली. नांदेडच्या गाडीला त्यांना बसवून द्यायला मी आणि आप्पा स्टँडवर गेलो होतो. गाडी भरली होती. नवऱ्यानं ओळखीच्या कंडक्टरला सांगून खिडकीची जागा धरली होती.

गाडी सुरू झाली, तेवढ्यात गुरुजींनी खिडकीतून विचारलं, "येत्या रविवारी कोणती म्हणणार?"

मी चारही सांगितली.

"तिसरं नको," ते ओरडले. "उन्हाळ्यात लोकांना एवढा श्वास पुरत न्हाई."

आप्पांनी मान डोलावली. घरी येऊन मी तिसरं बदललं.