पडद्यामागची बासरी

नव्वद सालानंतर दोन-तीन वर्षं झाली असतील. मी तेव्हा मानपाड्याच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होतो. डोंबिवलीत आमच्या मंडळाचा संगीत महोत्सव भरायचा, त्यातली लाइट-माइकची बाजू माझ्याकडे असायची. महोत्सव म्हणजे काय, तर शाळेचं मैदान, दोन संध्याकाळी आणि आसपासचे कलाकार.

मंडळाचे अध्यक्ष निवृत्त शिक्षक होते, त्यांना सगळेच सर म्हणायचे. आदल्या वर्षी एका ऑर्केस्ट्राच्या गायकाने आम्हाला फसवलेलं. गाता गाता त्याला ठसका लागला, तो खोकत राहिला आणि गाणं स्पीकरमधून चालूच. मागे कॅसेट लावलेली. तेव्हापासून सरांचा कोणावर भरवसा उरला नव्हता. "प्रत्येक वायर कुठे जाते ते तुम्ही स्वतः बघायचं," त्यांनी मला बजावलेलं. माझा स्वभावही तसाच संशयी, त्यामुळे काम आवडलं.

त्या संध्याकाळी कोपरजवळच्या खाडीकाठच्या गावातून कोळी बायकांचा संच आलेला. नऊ बायका आणि साथीला फक्त एक ढोलकीवाला, तसं मी सरांना सांगितलेलं. त्यांनी एकच माइक मागितला, तेव्हा मला पहिली शंका आली. नऊ गळ्यांना एक माइक कसा पुरणार? मी त्यांच्या पिशव्या लांबून न्याहाळल्या. पानाचे डबे आणि शाली, दुसरं काही दिसलं नाही.

त्यांच्या आधी ठाण्याच्या कॉलेजातल्या चार मुलांचा बँड होता. मानेपर्यंत केस, दोन गिटार, एक ड्रम आणि एक कीबोर्ड. गाणी त्यांची स्वतःची, मराठीतली. पहिल्या दोन गाण्यांत गोंगाटच जास्त, शब्द कळेनात. पुढच्या रांगेतली म्हातारी माणसं कानावर हात ठेवून बसलेली. तिसरं गाणं मात्र हळू सुरू झालं आणि त्यात बासरी वाजायला लागली. स्टेजवर बासरी कोणाच्याच हातात नव्हती. कीबोर्डमधून असा आवाज काढता येतो हे मला माहीत होतं, म्हणून मी कीबोर्डवाल्याकडे बघितलं. तो दोन्ही हात खाली सोडून उभा होता.

सरांनी मला बोटाने बोलावलं. "टेप आहे. जाऊन बघा."

मी स्टेजला वळसा घालून मागे गेलो. बँडची एक वायर पडद्याखालून मागे आलेली, ती धरून चालत राहिलो. वायर कोळी बायकांच्या घोळक्यात शिरत होती. आपली वेळ येईपर्यंत त्या तिथे गोल करून बसलेल्या. मी वाकून बघायला लागलो तशी त्यांच्यातली सगळ्यात मोठी बाई उठून समोर आली.

"काय बगतंस रं?"

"वायर बघायचीय मावशी."

"पोरगी हाय. वाजवू दे तिला. तिचा बापूस समोर बसलाय."

त्यांच्या मधोमध एक मुलगी माइकपुढे मांडी घालून बासरी वाजवत होती. मी तिला ओळखलं. सरांची मुलगी. तिनेही मला बघितलं, पण वाजवणं थांबवलं नाही. गाणं संपल्यावर हळूच म्हणाली, "काका, बाबांना प्रॅक्टिकल आहे म्हणून सांगितलंय. प्लीज." मी तेव्हा जेमतेम तिशीचा होतो.

परत जाऊन सरांना सांगितलं, "टेप नाही. मागे बसून वाजवताहेत."

"मागे का?"

"पुढे जागा नाही."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. माझं खोटं पकडलं गेलंय असं मला वाटत राहिलं.

मग कोळी बायका आल्या. एकच माइक का, ते पहिल्या ओळीलाच कळलं. आवाज इतके मोकळे की तोही मला कमी करावा लागला. मैदानातले लोक खुर्च्या सोडून पुढे आले. आणि शेवटच्या गाण्यात, कोणी काही ठरवलेलं नसताना, पडद्यामागून पुन्हा बासरी आली. आधी चाचपडत, मग त्यांच्या चालीत नीट मिसळून. बायका मागे न बघता हसल्या. सर मात्र तडक माझ्याकडे आले.

"यांच्याबरोबर फक्त ढोलकी आहे म्हणालेलात."

"हो."

"मग ही बासरी कुणाची?"

मी माइकच्या बटणांशी चाळा करत बसलो. सर पडद्यापर्यंत चालत गेले. पडद्याला हात लावला, थांबले आणि तसेच परत येऊन खुर्चीत बसले. गाणं संपलं तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या का, मी बघितलं नाही. बघायची हिंमतच नव्हती.

पुढच्या वर्षी मंडळाने नवा नियम काढला. वाजवणारा प्रत्येक जण प्रेक्षकांना दिसला पाहिजे. नियम सरांनीच मांडला होता, आणि मला तो सरळ तिच्यासाठी लावलेला सापळा वाटला. त्या मुलांना निरोप पाठवावा असंही मनात आलेलं. पण बँड आला, आणि ती त्यांच्याबरोबर पुढे उभी राहून वाजवून गेली. सर पहिल्या रांगेत कार्यक्रमपत्रिका वाचत होते. त्या पत्रिकेत वाचण्यासारख्या दहा ओळीसुद्धा नव्हत्या.

नंतर त्यांनी मला बाजूला घेतलं. "गेल्या वर्षी मागे कोण होतं, ते तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"सांगितलं नाहीत."

"तुम्ही मला टेप बघायला पाठवलेलं, सर."

त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशीच्या कलाकारांची यादी माझ्या हातात दिली. नियम त्यांनी तिला अडवायला काढलेला की पुढे आणायला, हे विचारायचं राहूनच गेलं. सर आता नाहीत.